लिनक्स टाकायचं, पण कुठलं?

दोस्तांनो, दिवेआगरहून पत्र आलंय : ‘घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स कुठलं टाकू?’

1991 साली लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सचा गाभा लिहिला. आज त्यावर शेकडो प्रकार उभे आहेत. फुकट म्हणून सगळे सारखे नव्हेत हं! तू ‘मिंट’चा एक्सएफसीई प्रकार बघ. मशीन 64 बिटचं हवं. 2 जीबी मेमरीत तो कसाबसा चालतो, 4 असेल तर झकास. फाइल मोठी आहे. नेट रेंगाळत असेल तर श्रीवर्धनला कुणाकडून पेनड्राइव्ह भरून आण. आधी त्यावरूनच चालवून बघ, डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तपास. आणि बाबांच्या खोल्यांची बुकिंगं त्याच डिस्कवर आहेत ना? त्यांची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय ‘इन्स्टॉल’वर टिचकी मारू नकोस!