दुखापत झाली म्हणून जिम सोडायची का?

जानेवारीत जिम तुडुंब भरते आणि होळीपर्यंत बरीच रिकामी होते. लोक याला आळस म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. बरेच जण दुखण्यामुळे सोडतात. कबड्डीत गुडघा मुरगळलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात शेजारच्याकडे बघून वजन वाढवतो, गुडघा पुन्हा सुजतो आणि घरचे म्हणतात, "कशाला हवेत हे नसते उद्योग?"

स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून ते लवकर ताकद धरतात. सांध्यातल्या अस्थिबंधांना रक्त कमी मिळतं, ते सावकाश तयार होतात. वजन हलकं वाटलं तरी सांधा तयार असेलच असं नाही. नव्या व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग आंबतं, ते ठीक. पण सांध्यात कळ किंवा सूज आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. 'दुखलं तरच अंग बनतं' म्हणणारा ट्रेनर मला तरी धोक्याचा वाटतो.

मात्र गुडघा दुखतोय म्हणून जिमच बंद, हेही चूक. डॉक्टरांची हरकत नसेल तर बसून खांद्याचे, पाठीचे व्यायाम होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून मोठ्यांना किमान 2 आणि मुलांना किमान 3 दिवस सांगितले आहेत. रोज दोन तासांचा निश्चय लवकर मोडतो, ठरलेल्या वारांचा अर्धा तास टिकतो. आणि हो, किती वजन उचललं ते वहीत लिहा. सुट्टी पडली तर मागची पानं उलटून हलक्या वजनापासून पुन्हा सुरुवात करता येते.