शब्दांची पेढी : शेठ

वाशीच्या धान्य बाजारात मालाची गाडी येऊन उभी राहते आणि माथाडी कामगार गाळ्याच्या दारातून हाक देतो, "शेठ, गाडी लागली." गल्ल्यावरचे वृद्ध गृहस्थ मान वर करतात, शेजारच्या गाळ्यात नुकताच बसू लागलेला विशीतला मुलगाही मान वर करतो. बाजाराबाहेरचा रिक्षावाला सुटे पैसे मागताना अनोळखी गिऱ्हाइकालाही शेठच म्हणतो. नाणे फार हातांतून फिरले की त्यावरचा छाप झिजतो, तसे या शब्दाचे झाले आहे. त्याचे मूळ मोल किती होते, हे म्हणूनच तपासून पाहण्यासारखे आहे.

शब्दाचे मूळ संस्कृतातील 'श्रेष्ठ' या विशेषणात आहे. त्यापासून 'श्रेष्ठिन्' म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, प्राकृतात 'सेट्ठि', आणि पुढे हिंदी-मारवाडीत सेठ, गुजरातीत शेठ, कोकण-गोव्यात शेट. शेटे, शेट्ये ही मराठी आडनावे त्याच घरची. उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावरचे शेट्टी आणि तमिळनाडूचे चेट्टियार यांची नावेही याच शब्दातून आली, असे मानले जाते.

'श्रेष्ठ' या शब्दाची सोयरीक मात्र याहूनही दूर पोहोचते. त्याच्या शेवटचा 'इष्ठ' हा प्रत्यय 'सर्वांत अधिक' असा अर्थ दाखवतो. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ आणि पापिष्ठसुद्धा याच प्रत्ययाचे. युरोपातील जर्मानिक कुळाच्या भाषांत हाच प्रत्यय आजही नांदतो. इंग्रजी 'बेस्ट', डच 'बेस्ट', जर्मन 'बेस्टे', स्वीडिश 'बेस्ट' या सर्वांच्या अखेरीस असलेला 'स्ट' आणि 'श्रेष्ठ'मधला 'ष्ठ' हे एकाच आदिम भाषेतून आलेले सख्खे भाऊ आहेत. "काम बेस्ट झाले" असे म्हणणारा मराठी माणूस नकळत आपल्याच घरचा प्रत्यय उच्चारत असतो.

या जर्मानिक शब्दाचे धातुरूप आणखी मोलाचे आहे. 'बेस्ट' ज्या मुळापासून आला, त्याचा अर्थ 'भले, हित' असा. त्याच मुळापासून जर्मन भाषेत 'बूसे' हा शब्द झाला. त्याचा अर्थ प्रायश्चित्त. डच भाषेत 'बूते' म्हणजे दंड. जुन्या इंग्रजी कायद्यात 'बोट' म्हणजे दुसऱ्याचे नुकसान केल्याबद्दल द्यायची भरपाई. उणे राहिले ते भरून काढणे, बिघडले ते नीट करणे, हा भाव या सर्व शब्दांच्या तळाशी आहे. उत्तम असणे आणि भरपाई करणे या दोन गोष्टी त्या भाषांत एकाच घरात राहतात.

भारतातील श्रेष्ठींचा इतिहासही हेच सांगतो. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात, वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या 'सेठी'ने हे शैलगृह पूर्णत्वास नेल्याची नोंद आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इतक्या दूरच्या व्यापाऱ्याचे धन सह्याद्रीच्या कातळात सर्वांसाठी खर्ची पडले. 'मृच्छकटिक' नाटकात न्यायाधीशाशेजारी श्रेष्ठी बसलेला दिसतो. बंगालमधील दामोदरपूर येथे सापडलेल्या पाचव्या शतकातील ताम्रपटांत, जमिनीच्या व्यवहाराला मान्यता देणाऱ्या मंडळात नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथम कुलिक आणि प्रथम कायस्थ आहेत. श्रेष्ठी म्हणजे केवळ धनाढ्य नव्हे, तर ज्याच्या शब्दावर नगराचा व्यवहार चालतो असा माणूस. मराठेशाहीत पेठेचे 'शेटे-महाजन' होते. पेठ वसवणे, दुकानांच्या जागा लावून देणे, तंटे मिटवणे हे त्यांचे काम, आणि त्याबद्दल त्यांना बाजारात हक्क मिळे. हक्क होता, पण कामाच्या पाठीमागून येणारा.

या शब्दाची कसोटी अहमदाबादेत 1725 साली लागली. मोगल सुभेदारीच्या भांडणात शहर लुटले जाण्याची वेळ आली, तेव्हा शांतिदास झवेरी यांचे नातू नगरशेठ खुशालचंद यांनी खंडणीची रक्कम पदरची भरून शहर वाचवले. त्यांना ते करण्याचे बंधन नव्हते. नंतर शहरातील व्यापाऱ्यांनी आपण होऊन, शंभर रुपयांच्या मालामागे चार आणे त्यांना व त्यांच्या वारसांना देण्याचे ठरवले. दुसऱ्यांवरचे संकट आपल्या तिजोरीतून भरून काढणारा तो श्रेष्ठ, हा अर्थ तेथे व्यवहारात उतरला.

मुंबईच्या जगन्नाथ शंकरशेट (1803–1865) यांचे मूळ आडनाव मुरकुटे. वडिलांच्या नावातला 'शेट' त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. तो वारशाने मिळाला होता. पण मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा देणे, शिक्षणसंस्था आणि रेल्वे यांच्या उभारणीत पुढे होणे, हे वारशाने आले नव्हते. वडिलांच्या नावातला शब्द मुलाने पुन्हा कमावला, म्हणून तो आजही आदराने घेतला जातो.

शब्दाच्या वापरातली एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 'मी शेठ' असे कोणी स्वतःची ओळख करून देताना म्हणत नाही. कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला हसू येते. हा शब्द नेहमी समोरच्याने उच्चारायचा असतो. तो तोंडदेखला आहे की मनापासून, हे हाक मारणाऱ्या माथाड्यालाच ठाऊक असते. आजारपणात ज्याची उचल न मागता दिली गेली, चुकीच्या वजनाचा फरक ज्या शेतकऱ्याला आठवणीने परत केला गेला, त्यांच्या तोंडी तोच शब्द वेगळा वाजतो.

वाशीच्या गाळ्यातल्या विशीतल्या मुलाला पेढी, पाटी आणि ही हाक तयार मिळाली आहे. त्या हाकेतला 'श्रेष्ठ' मात्र त्याला वडिलांच्या वहीतून पुढे ओढता येणार नाही. तो खात्यात त्याला पहिल्या ओळीपासून जमा करावा लागेल.