गालगुंड आणि डावा कान

लहानपणी गालगुंड झाले की आम्हा मुलांना मजाच वाटायची. आठवडाभर शाळा नाही, आजीने सहाणेवर उगाळलेला लेप, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेले फडके आणि गिळायला सोपी म्हणून दोन्ही वेळा पेज! "एकदा होऊन गेलेले बरे," असे मोठी माणसे म्हणायची.

माझ्या वर्गातल्या एका मित्राला मात्र ते बरे पडले नाही. सूज उतरली, तो शाळेत आला. काही महिन्यांनी त्याच्या तबल्याच्या गुरुजींच्या लक्षात आले, की डावीकडून हाक मारली तर हा वळत नाही. डावा कान कायमचा गेला होता. डॉक्टरांनी विचारल्यावर घरच्यांना ते गालगुंड आठवले. एक कान चांगला असला की मूल तक्रार करीत नाही, म्हणून असे बहिरेपण उशिराच कळते. आजही तो देवळात भजनाला बसतो, पण गाणारा उजव्या बाजूला असेल अशी जागा बघून.

असे बहिरेपण क्वचितच येते, हे खरे. पण गालगुंडाचा विषाणू कानाजवळच्या लाळग्रंथींपुरता थांबेलच असे नाही. मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, स्वादुपिंडाला येऊ शकते. वयात आलेल्या मुलांत वृषणाला सूज येणे तर बऱ्यापैकी आढळते. त्यातून पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते, पण दुखणे मोठे. शिवाय गाल सुजण्याच्या दोन दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवू लागते. सूज दिसल्यावर त्याला वेगळे ठेवले, तरी शेजारच्या बाकावरच्याला लागण झालेली असू शकते.

यावर लस आहे, आणि ती काही नवी नव्हे. 1963 साली अमेरिकेत मॉरिस हिलमन यांच्या मुलीला, जेरिल लिनला, गालगुंड झाले. त्यांनी तिच्या घशातून विषाणू घेतला आणि त्यापासून लस तयार केली. 1967 मध्ये तिला परवाना मिळाला.

मग घोटाळा कुठे होतो? नावात. 2017 साली गोवर-रुबेला लसीकरणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात आपला गोवा होता. राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळते ती हीच एमआर लस. तिच्यात गालगुंडाची लस नाही! ती असते एमएमआरमध्ये. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना एमएमआरचे तीन डोस सुचवते: नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षे. कार्डावर 'गोवर' दिसले की आईबाप निश्चिंत होतात, आणि ज्याला खाजगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही त्याचे मूल उघडे राहते.

गालगुंडाने मुले सहसा दगावत नाहीत, म्हणूनच कदाचित ते यादीत मागे राहिले असावे. पण मरण हेच एक माप का धरायचे? गोव्यासारख्या छोट्या राज्याला आपल्या मुलांना एमएमआर मोफत देणे जड जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर घरातल्या मुलांची कार्डे काढून बघा. एमआर की एमएमआर, एवढेच वाचायचे आहे. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.