चेंडू रेषेबाहेर गेला होता
(द्वितीय वर्ष, कला)

फुटबॉलवर लेख देणार आहे असे म्हटल्यावर वर्गातील एका मित्राने विचारले, "अरे, वार्षिक अंकात कविता दे, प्रवासवर्णन दे. फुटबॉल कोण वाचणार?" कोल्हापूरच्या मुलाने हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटले. ज्या गावात पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल घालायची सोय राहत नाही, ज्या गावचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्या गावच्या महाविद्यालयाने फुटबॉलवर दोन पाने वाचायला हरकत नसावी.

मी लिहिणार आहे ते एका पराभवाबद्दल. तारीख ११ जून २०२४. बारावीचा निकाल लागून गेला होता, आणि कॉलेजच्या प्रवेशअर्जाला कोणकोणते दाखले जोडायचे हे घरात कोणालाच सांगता येत नसल्यामुळे मी दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. रात्री तालमीत आम्ही पंधरावीस जण जमलो. एकाने मोबाइल टीव्हीला जोडला. दोह्यात भारत विरुद्ध कतार. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला गटातला शेवटचा सामना. पाचच दिवसांपूर्वी, ६ जूनला, कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० अशी बरोबरी करून सुनील छेत्री निवृत्त झाला होता. त्याच्याशिवाय हा पहिलाच सामना. जिंकलो तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत, जिथे भारत कधीच पोचला नव्हता. शिवाय २०२७ च्या आशियाई चषकात थेट प्रवेश.

३७ व्या मिनिटाला छांगटेने गोल केला. तालमीत काय झाले ते सांगत नाही. शेजारच्या आजींनी दुसऱ्या दिवशी माझ्या आईकडे तक्रार केली एवढे पुरे.

मग ७३ वे मिनिट. कतारची फ्री किक, युसूफ आयमेनचे हेडर, गुरप्रीतने ते अडवले, आणि चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलपोस्टच्या बाजूने रेषेबाहेर गेला. कॉर्नर मिळणार म्हणून आपले खेळाडू थांबले. तेवढ्यात अल-हाशमी अल-हुसेनने तो बाहेरचा चेंडू पायाने मागे ओढला, आयमेनने जाळ्यात मारला, आणि दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची सोय नव्हती. गुरप्रीत कप्तान होता. तो आणि बाकीचे पंचांभोवती जमले, पण निर्णय बदलला नाही. ८५ व्या मिनिटाला अल-रावीने दुसरा गोल केला. आपण १-२ ने हरलो.

चेंडू बाहेर गेला होता की नव्हता, याविषयी वाद घालण्याचे कारणच नाही. नियम सोपा आहे: संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषा ओलांडून गेला, जमिनीवरून वा हवेतून, की खेळ थांबला. चित्रात चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये गवत दिसत होते. मात्र त्याच नियमपुस्तकात असेही आहे, की खेळातील घटनांबाबत पंचाचा निर्णय अंतिम. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फिफाकडे आणि आशियाई महासंघाकडे तक्रार केली, चौकशीची मागणी केली. निकाल आहे तसाच राहिला.

अन्याय झाला. हे मी आधीच स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी मला देशद्रोही ठरवू नये.

त्या रात्री आमच्या तालमीत जो तो उठून शिव्या देत होता. "बॉल भाईर गेलता की! आंधळं हाय काय ते?" पंचांना, त्यांच्या देशाला, कतारच्या पैशाला, फिफाला. एकाने मोबाइलवर पंचांचा फोटो शोधून काढला आणि त्याखाली जे लिहिले ते या अंकात छापता येणार नाही. मीही लिहिले. दोन आठवडे हेच चालले होते. चहाच्या गाड्यावर, बसमध्ये, प्रवेशाच्या रांगेत. त्या रांगेत ज्यांची ओळखही नव्हती अशा मुलांशी माझी मैत्री या एका गोलामुळे झाली. शिव्या देण्यात एक प्रकारचे सुख असते, हे मी नाकारत नाही.

त्या सुखाला पहिला सुरुंग माझ्या वडिलांनी लावला. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. फुटबॉल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. मी आठ दिवस जेवताना तेच तेच बोलतो आहे हे ऐकून एके रात्री ते म्हणाले, "आरं, आनि त्या अफगाणिस्तानकडनं हरलासा, तवा कोण रेफ्री हुता? त्यो बी कोरियाचाच का?"

मी गप्प बसलो. मग तेच पुढे म्हणाले, "फाउंड्रीत कास्टिंग रिजेक्ट आलं की आमीबी पैल्यांदा वाळूलाच शिव्या देतो. कदी कदी वाळू खरंच खराब असती. पर रोज नसती."

त्या रात्री मी वही घेऊन गटातले सगळे सामने लिहून काढले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतमध्ये जाऊन आपण १-० ने जिंकलो, मनवीरचा गोल. पाच दिवसांनी भुवनेश्वरला कतारकडून ०-३. मार्च २०२४ मध्ये सौदीतल्या आभा येथे अफगाणिस्तानशी ०-०. आणि २६ मार्चला गुवाहाटीला, आपल्या घरी, छेत्रीच्या १५० व्या सामन्यात, छेत्रीच्याच पेनल्टीवर १-० ने पुढे असताना ७० व्या आणि ८८ व्या मिनिटाला गोल खाऊन त्याच अफगाणिस्तानकडून १-२. सहा सामन्यांत आपले गोल तीन, त्यातला एक पेनल्टीचा. गुण पाच. अफगाणिस्तानचेही पाचच. कुवेत सात गुण घेऊन पुढे गेले. दोह्याच्या रात्री कुवेतने आपला सामना जिंकला होता, म्हणजे तो वादग्रस्त गोल झाला आणि पुढचा झाला नसता, तरी बरोबरी आपल्याला पुरली नसती. पण गुवाहाटीचा सामना जिंकला असता, तर दोह्यात हरूनही आपले आठ गुण झाले असते. बेरीज तिसरीतल्या मुलाला जमेल अशी आहे. आमच्यापैकी कोणी ती केली नव्हती.

आणखी एक गोष्ट आम्ही बोलण्यात येऊ देत नव्हतो. कतार आधीच पुढच्या फेरीत गेले होते, आणि त्या सामन्यात त्यांनी बहुतेक तरुण मुले उतरवली होती.

हे आपल्याकडेच होते असे नाही. २०१० च्या विश्वचषकात ब्लूमफाँटेनला जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या चांगला आत पडला होता, तो गोल पंचांनी दिला नाही. इंग्लंडचे लोक आजही त्या गोलाविषयी बोलतात. तो सामना ते ४-१ ने हरले होते! मात्र त्या आरडाओरड्यातून काही चांगलेही निघाले. दोनच वर्षांत गोलरेषेवरच्या तंत्राला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरले गेले. म्हणून प्रेक्षकांनी ओरडूच नये असे माझे म्हणणे नाही. आशियातल्या पात्रता सामन्यांत पहिल्यापासून व्हिडिओची सोय हवी, ही मागणी रास्तच आहे. पण आमच्या तालमीत त्या दोन आठवड्यांत ही मागणी मी एकदाही ऐकली नाही. आम्हाला पंच बदलायचे होते आणि पंचांच्या आईबहिणीचा उद्धार करायचा होता.

"अन्याय" हा शब्द आमच्यासारख्या घरांतून फार लवकर कानावर येतो. माझ्या वडिलांचे एका ठिकाणचे तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे बुडाले, तेव्हा मी पाचवीत होतो. त्या वेळी घरात हा शब्द जसा उच्चारला गेला, तसा तो मी दोह्याच्या सामन्यानंतर उच्चारत होतो का? मला शंका आहे. वडिलांनी तो दोनदाच उच्चारला आणि मग दुसरे काम शोधायला गेले.

आता जे सांगायचे आहे ते जरा जड जाते आहे. शिव्या देताना आम्ही सर्वांनी पंचांना दिल्या. तो चेंडू मागे ओढणाऱ्या अल-हाशमीचे नाव फार थोड्यांनी घेतले. पंच चुकले असतील, त्यांना दिसले नसेल. पण ज्याच्या पायात चेंडू होता त्याला? मला हा प्रश्न लवकर सुचला, कारण तो चेंडू मी एकदा ओढलेला आहे.

मी अकरावीत होतो. एका शाळेच्या मैदानावर लहान मुलांच्या संघांची स्पर्धा होती. तालमीची नावे लिहीत नाही. मी डाव्या बाजूला खेळत होतो. सामना संपायला थोडा वेळ होता, ०-० होते. माझ्यापुढचा चेंडू गोलरेषेबाहेर गेला. चांगला वीतभर गेला. समोरच्या गोलकीपरने हात वर केला आणि तो गोलकिक घ्यायला वळला. लाइनमन म्हणून उभा केलेला मुलगा आमच्याच गल्लीतला होता आणि त्या क्षणी तो कोणाशी तरी बोलत होता. मी चेंडू आत ओढला, क्रॉस दिला, आणि गोल झाला. गोलकीपर धावत पंचांकडे गेला. पंचांनी मला विचारले नाही. विचारले असते तरी मी "आतच होता" म्हणालो असतो, हे मला पक्के ठाऊक आहे. पोरांनी मला खांद्यावर घेतले. त्या संध्याकाळी मी दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि पैसे दुसऱ्याच कोणी दिले.

जर्मनीत २०१४ च्या मार्चमध्ये वेर्डर ब्रेमेनच्या आरोन हंट या खेळाडूला न्यूरेम्बर्गविरुद्ध पेनल्टी मिळाली होती. त्याने स्वतः पंचांना सांगितले की मला कोणी पाडले नाही, आणि पंचांनी पेनल्टी मागे घेतली. ब्रेमेन त्या वेळी २-० ने पुढे होते, हेही सांगितले पाहिजे. मागे असते तर हंट काय बोलला असता कोणास ठाऊक. पण तो बोलला. आमच्या स्टेडियमवर असे कोणी बोलला तर त्याला त्याच्याच पेठेत घरी जाणे कठीण होईल. आपल्या बाजूचा चुकीचा निर्णय झाला की आम्ही टाळ्या वाजवतो, विरुद्ध झाला की पाण्याच्या बाटल्या मैदानात पडतात. कित्येक सामने या हुल्लडबाजीमुळे मध्येच थांबले आहेत. दोह्यात आम्हाला जो न्याय हवा होता, तो शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून आम्ही कोणाला दिला आहे?

तो गोलकीपर आज आपल्याच महाविद्यालयात आहे. माझ्याच वर्गात, दोन बाक पुढे. पहिल्या वर्षी एकदा कँटीनमध्ये दोह्याच्या गोलाची चर्चा निघाली तेव्हा तो हसत म्हणाला, "रेषेभाईरचा बॉल आत आलेला मीबी बघितलाय." सगळे हसले. माझ्याकडे त्याने पाहिले नाही, किंवा पाहिले असेल. मी त्या वेळी चहात बघत होतो. त्याने मला ओळखले आहे की नाही, हे आजतागायत मला कळलेले नाही.

त्यानंतरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. प्रशिक्षक स्टिमॅच यांना आठवड्याभरात काढले. आशियाई चषकात थेट जाता आले नाही म्हणून भारताला वेगळी पात्रता फेरी खेळावी लागली. छेत्री निवृत्ती मागे घेऊन परत आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरशी सामना होता. आम्ही पुन्हा तालमीत जमलो. १४ व्या मिनिटाला पुन्हा छांगटेचाच गोल, १-०. मग ४४ व्या आणि ५८ व्या मिनिटाला साँग उई-यंगचे दोन गोल. पुन्हा १-२. गुवाहाटीला तेच, दोह्यात तेच, मडगावला तेच. त्या रात्री आशियाई चषकाचा रस्ताही बंद झाला.

या वेळी दोन्ही गोल स्वच्छ होते. सामना संपला, ज्याचा मोबाइल होता त्याने वायर काढून गुंडाळली, आणि पाच मिनिटांत तालीम रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर त्या सामन्याचे नाव कोणी काढले नाही. पंच कोण होते हे मला आजही ठाऊक नाही.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी वर्गातल्या त्या मुलाला दाखवावा असे मनात होते. दोनदा वही घेऊन त्याच्या बाकापाशी गेलो, आणि दोनदा नोट्स मागून परत आलो.