प्लास्टरवर सह्या

गाडी खड्ड्यात आदळून हात मोडला की होस्टेलवर आपण काय करतो? प्लास्टरवर सह्या! मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ ला खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. पण मागणार कोण? कोर्टात दावा लावायचा तर जळगाव नि धुळे दोन्ही २००३ पासून महानगरपालिका, म्हणून १९४९ च्या अधिनियमाचं कलम ४८७ लागू: आधी महिन्याची लेखी नोटीस, आणि सहा महिन्यांच्या आत दावा. म्हणजे आपलं एक सेमिस्टर! नशीब म्हणून सोडून देणं मला तरी पटत नाही. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला टेप धरून मोजमाप करणारे आपण, खड्ड्यात टेप ठेवून एक फोटो काढायला काय हरकत आहे? दवाखान्याचे कागद मात्र जपा. गादीखाली ठेवले की गेलेच.