आळस, एडीएचडी आणि अनुसूची 'एक्स'

"ते लहान मुलांचं असतं, वाढलं की जातं." मोठ्या माणसाच्या एडीएचडीचा विषय काढा, हे वाक्य हमखास येणार. त्याच्या मागोमाग, "इंजिनीअर झालास, पगार घेतोस, मग कसला आजार?" आणि तिसरं आमच्या किन्हीराजाकडचं (तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. नाशिकवालं मालेगाव नव्हे, राव!), "काही नाही बाप्पा, आळस चढला त्याले."

तिन्ही चूक. एकेक घेऊ.

पहिलं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये मोठ्यांसाठी वेगळा निकषच आहे. मुलांना नऊपैकी सहा लक्षणं लागतात, सतरा वर्षांपुढे पाच पुरतात. मात्र काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून हवीत. जगभरात मोठ्यांमधलं प्रमाण साधारण अडीच टक्के धरतात. म्हणजे चाळिसात एक. तुमच्या फ्लोअरवर किती जण बसतात, मोजा.

दुसरं. हुशारी वेगळी आणि लक्षावरचा ताबा वेगळा. प्रॉडक्शन बंद पडलं की हाच माणूस रात्रभर जागून बग शोधतो, आणि प्रवासखर्चाचा दोन पानी फॉर्म त्याच्याकडून तीन महिने भरला जात नाही. आग लागली की डोकं चालतं. रोज आग कुठून आणायची?

तिसरं. आळशी माणूस काम टाळतो आणि मजेत असतो. हा माणूस काम समोर घेऊन दिवसभर बसतो, स्वतःला शिव्या घालतो, संध्याकाळी दमून उठतो. काम शून्य. याला आळस म्हणायचं असेल तर फारच महागडा आळस झाला हा!

आता उपचार. थेरपी म्हणजे कोचावर पडून बालपण आठवणं नाही. निदान माझी तरी नाही. मोठं काम पंधरा-पंधरा मिनिटांचं तोडायचं, सगळं एकाच वहीत लिहायचं, घड्याळ डोळ्यांसमोर ठेवायचं, आणि 'मी निकम्माच' हा विचार आला की तो तपासायचा. ऐकायला शाळकरी वाटतं ना? २०१० साली बॉस्टनमध्ये औषध घेऊनही त्रास उरलेल्या ८६ मोठ्या माणसांवर अशा सीबीटीची चाचणी झाली. नुसतं रिलॅक्सेशन आणि माहिती मिळालेल्यांपेक्षा सीबीटीवाल्यांना जास्त फायदा झाला.

ही थेरपी व्हिडिओ कॉलवर होते, किन्हीराजातूनही होते. खरी गोची औषधाची आहे. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं पहिल्या पसंतीचं औषध. आपल्याकडे ते अनुसूची 'एक्स' मध्ये येतं, आणि मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार या अनुसूचीतलं औषध फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाही. दर वेळी डॉक्टरसमोर हजर व्हा, दोन प्रतींत चिठ्ठी घ्या, आणि हे औषध ठेवायचा वेगळा परवाना असलेलं दुकान शोधा. म्हणजे ज्या माणसाला तारखा, कागद आणि फेऱ्या सांभाळणं जमत नाही, हाच ज्याचा आजार, त्याच्या उपचाराची अट काय? तर तारखा, कागद आणि फेऱ्या. वा रे डिझाइन! गावाकडून काम करणाऱ्याने मग अकोला-नागपूरच्या चकरा मारत बसायचं. ॲटोमॉक्सेटिन या अनुसूचीत नाही, पण ते सगळ्यांना मानवतंच असं नाही.

औषधाचा गैरवापर होतो, मान्य. अमेरिकेत ऑनलाइन गोळ्या लिहून देणाऱ्या 'डन' कंपनीच्या संस्थापिकेला २०२४ मध्ये अटक झाली. कुलूप हवंच. पण कुलूप लावताना चावी ठेवायची असते. पहिली तपासणी समोरासमोर होऊ द्या, नंतरची चिठ्ठी त्याच डॉक्टरला व्हिडिओवर देऊ द्या, आणि प्रत्येक जिल्ह्यात परवाना असलेलं निदान एक सरकारी औषध दुकान ठेवा. वाशीमला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, तिथूनच सुरुवात करा की.

आणि एचआरवाल्यांनो, 'वेलनेस वेबिनार' पुरे झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलंय. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि एडीएचडीसाठी कोणी ॲडमिट होत नाही. ग्रुप पॉलिसीत ओपीडी आणि थेरपी घाला. पुढच्या रिन्यूअलच्या आधी तुम्हीही एचआरला तेवढं एक मेल टाका. माझं ड्राफ्टमध्ये पडलं नव्हतं, गेलंय!