तांदळात लिहिलेले नाव

सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा. बुलडाणा जिल्ह्याच्या या टापूत गावाच्या नावामागे 'राजा' लागतो तो जाधवरावांच्या घराण्यामुळे. देऊळगावचे बालाजी संस्थान याच घराण्याच्या परंपरेतले. आश्विनात यात्रा भरते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते आणि जाधवरावांच्या पूर्वजांची नावे पुन्हा एकदा जिभेवर येतात. ती नावे पुरुषांची असतात. या घराण्याच्या लेकींपैकी एकच सर्वांना ठाऊक, जिजाबाई. आणि त्याही प्रामुख्याने कुणाच्या तरी आई म्हणून.

याच घराण्याची आणखी एक लेक छत्रपतींच्या घरात गेली होती. संभाजीराजांच्या वधानंतर, १६८९ मध्ये, रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हाती लागले. पुढची जवळजवळ अठरा वर्षे शाहूंनी औरंगजेबाच्या छावणीत काढली. बादशहाच्या अखेरच्या वर्षांत त्यांचे लग्न तिथेच झाले, छावणीतल्या दोन प्रतिष्ठित मराठा घराण्यांतील मुलींशी: एक सिंदखेडकर जाधवांची, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात या लग्नाची हकीकत आहे. बादशहाने स्वतः वापरलेली एक तलवार शाहूंना दिली, शिवाजीमहाराजांची भवानी आणि अफजलखानाची तलवार परत केली, अक्कलकोट, इंदापूर, सुपे, बारामती, नेवासे हे महाल जहागीर म्हणून लावून दिले, असे तो नोंदवतो. मुलींची ओळख मात्र त्यांच्या वडिलांवरून. नंतरच्या पुस्तकांत अंबिकाबाई, सावित्रीबाई, राजसबाई अशी नावे येतात. त्यांतली जाधवांची कोणती आणि शिंद्यांची कोणती, याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. तलवारींच्या बाबतीत असा घोटाळा होत नाही.

याच लग्नाची एक उपकथा मराठी इतिहासग्रंथांत सांगितली जाते. बादशहाने नववधू पाहण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा तिच्याऐवजी विरूबाई नावाच्या दासीला पुढे करण्यात आले. ही विरूबाई पुढे शाहूंच्या घरात राणीच्या तोलामोलाने वावरली आणि अक्कलकोटकर फत्तेसिंह भोसले तिला मातेसमान मानत. जिच्या जागी ती उभी राहिली तिच्या नावाविषयी वाद, आणि विरूबाईच्या नावाविषयी कसलीही शंका नाही. याचे कारण मला उघड दिसते. दासीचे नाव लग्नाने बदलत नाही.

आपल्याकडे सप्तपदी आटोपली की ताटात तांदूळ पसरून वराने अंगठीने वधूचे नवे नाव लिहायचे, ही रीत अजूनही अनेक घरांत हौसेने पाळली जाते. फोटो छान येतो. नंतर तांदूळ गोळा करून ठेवले जातात आणि त्यांच्याबरोबर आधीचे नावही. अर्थात नाव पुरुषांचेही बदलत असे. शाहूंचे जन्मनाव शिवाजी. 'शाहू' हे नाव औरंगजेबाने दिले अशी परंपरा आहे. पण त्यांची दोन्ही नावे आपल्याला पाठ आहेत, कारण दोन्हींच्या मागे गादी होती.

आता याच शतकातली एक इंग्रज सरदारकन्या पाहू. मेरी एलिनॉर बोज, जन्म १७४९. बाप जॉर्ज बोज उत्तर इंग्लंडमधला कोळसाखाणींचा धनी, मेरी त्याची एकुलती एक. १७६० मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात अट होती: मुलीशी लग्न करील त्याने बोज हे आडनाव लावले पाहिजे. १७६७ मध्ये, तिच्या अठराव्या वाढदिवशी, स्ट्रॅथमोरच्या नवव्या अर्लने तिच्याशी लग्न केले आणि पार्लमेंटचा कायदा करवून घेऊन स्वतःचे 'लायन' सोडून 'बोज' झाला. उमरावाने सासऱ्याचे आडनाव लावायचे! देऊळगावच्या पारावर ही गोष्ट सांगितली तर आजही हसतील.

पण यात स्त्रीचा मान कुठे दिसला तर तो भास समजावा. १७७६ मध्ये अर्ल वारला. पुढच्याच वर्षी अँड्र्यू रॉबिन्सन स्टोनी नावाच्या ठकाने तिच्या अब्रूसाठी द्वंद्वयुद्ध लढून मरायला टेकल्याचे सोंग आणले. दयेपोटी तिने त्याच्याशी लग्न केले आणि तो चांगलाच धडधाकट निघाला. त्यानेही बोज हे नाव लावले. लग्नाआधी तिने मिळकत राखण्यासाठी केलेला करारनामा त्याने तिला धाक घालून रद्द करायला लावला. मारहाण, कोंडून ठेवणे, १७८५ मध्ये तिचे पळून जाणे, १७८६ मध्ये त्याने तिला पळवून नेणे, आणि कोर्टकज्जे करीत १७८९ मध्ये सुटका, असे ते आयुष्य आहे. १८०० मध्ये ती वारली. तिचे आडनाव इतके टिकले की विसाव्या शतकातली राणी एलिझाबेथची आईही बोज-लायन घराण्यातलीच.

तिला स्वतःचे घर राखता आले नाही, नाव तेवढे राहिले. तेही बापाचे, खाणींसाठी. मालमत्ता जिथे असते तिथे कागद असतो. कोर्टात साक्षी झाल्या म्हणून तिच्या अंगावरच्या जखमादेखील आपल्याला वाचायला मिळतात. जाधवांच्या लेकीच्या नावावर महाल नव्हता. देशमुखीच्या वाटण्या भावाभावांत होत, त्यामुळे भावांची नावे कागदावर चढली. बहीण एका घराने दिली, दुसऱ्याने घेतली. लिहून ठेवण्याजोगा व्यवहार कुणाला वाटला नाही. शाहूंची १७०७ मध्ये सुटका झाली, तेव्हा येसूबाईंसह घरच्या स्त्रिया मोगलांकडे ओलीस राहिल्या. येसूबाई परतल्या त्या १७१९ मध्ये. राज्याची जामिनकी ज्यांच्या देहांनी भरली, त्यांच्यापैकी निम्म्यांना आपण नावाने हाक मारू शकत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरवले, हे चांगलेच झाले. पण त्यातही आईचे नाव म्हणजे कोणते, माहेरचे की तांदळातले, हा प्रश्न शिल्लक आहेच. आणि जुन्या घराण्यांच्या वंशावळी हौसेने छापल्या जातात, त्यांत मुलगे फांद्यांसारखे पसरतात आणि मुलींच्या जागी बहुधा कोरा कागद असतो. छापणाऱ्यांनी निदान तीन रकाने वाढवावेत: माहेरचे नाव, सासरचे नाव, कुठे दिली. सुरुवात सिंदखेडपासूनच करता येईल. जिजाबाईंच्या आईचे नाव काही पुस्तकांत म्हाळसाबाई आहे आणि काहींत गिरिजाबाई.